मान दुखते का?

मेंदूला रक्त चार धमन्यांतून मिळते. दोन गळ्याच्या पुढून जातात, दोन मानेच्या मणक्यांतून. रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखूमुळे होणारा पक्षाघात सर्वांच्या माहितीचा आहे, त्यामुळे त्याचा विस्तार येथे नको. पन्नाशीच्या आतल्या धडधाकट माणसाला पक्षाघात झाला, तर मात्र मानेतील धमनी चिरल्याची शंका घ्यावी लागते.

ही धमनी आरपार फुटत नाही. आतला पापुद्रा चिरतो, रक्त भिंतीच्या थरांत शिरते, वाट अरुंद होते आणि तिथे धरलेली गुठळी मेंदूकडे जाते. चिरणे आणि पक्षाघात यांच्यात काही तास, कधी काही दिवस जातात. रोग पकडण्याची संधी याच मुदतीत असते.

कारणांत अपघात येतो, तसेच चाकात किंवा मळणी यंत्रात अडकून गळ्याला आवळलेली ओढणीही येते. कधी जोराचा खोकलाही पुरतो. सलूनमधला प्रकार मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. दाढी होते, डोक्याला तेल चोळले जाते आणि शेवटी कारागीर हनुवटी धरून मान कडकन एकीकडे, कडकन दुसरीकडे मोडतो. फुकटात मिळते म्हणून गिऱ्हाईकही नको म्हणत नाही. मागची धमनी पहिल्या मणक्यावर वळसा घेते आणि झटक्याचा ताण तिथेच बसतो. पार्लरच्या बेसिनवर केस धुताना मान मागे टाकल्याने झालेले पक्षाघात अमेरिकेत १९९३ साली नोंदले गेले. २०२२ मध्ये हैदराबादेतही अशी एक रुग्ण आढळली. यात सलूनवाल्यांवर ठपका नाही. बहुतेकांना काहीच होत नाही. कटिंग, मालिश खुशाल चालावी, झटका तेवढा टाळावा.

पुढची धमनी चिरली तर एका बाजूची मान, चेहरा किंवा डोळ्याभोवतीचा भाग दुखतो. त्याच बाजूची पापणी उतरते आणि बाहुली लहान राहते. खोलीतला दिवा मंद केला की दोन बाहुल्यांतला फरक ठळक दिसतो. मागची धमनी चिरली तर मानेमागे पूर्वी कधी न झालेले दुखणे, चक्कर, ओकारी, एकाचे दोन दिसणे, गिळताना ठसका अशी लक्षणे दिसतात. असा रुग्ण ‘पित्त झाले’ म्हणत येतो आणि सलाईन लावून घरी जातो. खाटेवर हातपाय नीट हलतात, पण उभे करून चालवले की तोल जातो. म्हणून चक्कर आलेल्या प्रत्येकाला विचारलेच पाहिजे: मान दुखते का, कधीपासून, झटका बसला होता का? तपासणीच्या यंत्राची पाळी त्यानंतरची.

आता उपचार थोडक्यात. साधा सीटी स्कॅन सुरुवातीला निर्दोष दिसू शकतो, म्हणून मान आणि डोके दोन्हींची सीटी अँजिओग्राफी लागते. पक्षाघात सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत योग्य रुग्णाला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. धमनी मानेत चिरली असली तरी त्याला आडकाठी नाही. पुढे रक्त गोठू न देणारी औषधे साधारण तीन ते सहा महिने चालतात.

अंतरही वेळ खाते: उदाहरणार्थ, देगलूरहून नांदेड सुमारे ८० किलोमीटर आहे. साडेचार तासांतला बराच वेळ रस्त्यातच जातो. तेव्हा १०८ ला फोन करताना आणि रेफर चिठ्ठीवर दोन गोष्टी न विसरता सांगाव्यात: त्रास किती वाजता सुरू झाला आणि मान दुखत होती का.