गच्चीवरची तार : घरासाठी, गाडीसाठी आणि अडचणीच्या दिवसासाठी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेले भाषण)



सचिव मला म्हणाले, "साहेब, पंधरा मिनिटं बोला, पण व्याजदर आणि पेन्शन सोडून बोला." म्हणून मी हॅम रेडिओच्या अँटेनावर बोलणार आहे. विषय ऐकून काहींनी चहाच्या किटलीकडे बघितलं, ते मला दिसलं. पण गच्चीवर अँटेना लावू द्यायचा की नाही, हा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. हात वर करण्याआधी प्रत्येकाला माहिती असावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेऊन, पैसे न कमावता, हौसेनं चालवलेलं बिनतारी केंद्र. परवाना केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाची डब्ल्यूपीसी शाखा देते. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. पास झालं की व्हीयू अक्षरांनी सुरू होणारं आपलं स्वतःचं नाव, म्हणजे कॉलसाइन मिळतं. परवान्याशिवाय बटण दाबून बोलणं हा गुन्हा आहे, हे मुलांनी लक्षात ठेवावं.

याची गरज काय, मोबाइल आहे की, असं कुणीही म्हणेल. आपल्या मराठवाड्यानं त्याचं उत्तर पाहिलेलं आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं थकून झोपलेली. सुमारे दहा हजार जीव गेले. त्या वेळी हॅम मंडळी आपापले संच घेऊन तिथं पोचली आणि निरोपांची ने-आण करू लागली. पुढे 2001 मध्ये भूजला आणि 2004 च्या त्सुनामीत अंदमानातही हेच झालं. मोबाइलला टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते, टॉवर एकमेकांना जोडलेले लागतात. नवरात्रात गडावर गर्दी उसळली की रेंज दिसते पण फोन लागत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. हॅमला दोन संच, दोन बॅटऱ्या आणि दोन अँटेना पुरतात. मध्ये कुणी लागत नाही.

आता मुद्द्याचं. "सगळ्यात चांगला अँटेना कोणता?" हा प्रश्न म्हणजे "सगळ्यात चांगलं खातं कोणतं?" असं विचारण्यासारखं आहे. आधी सांगा, पैसे कशाला हवेत? तसंच इथं आधी विचारायचं : कुणाशी बोलायचंय, आणि तो किती लांब आहे?

घरचा अँटेना मुदत ठेवीसारखा. एकदा नीट लावला की वर्षानुवर्षं कामी येतो. गावात आणि आसपास बोलायला 144 ते 146 मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. त्याला एक उभी काडी, सुमारे अर्धा मीटर, आणि तिच्या बुडाशी खाली तिरप्या चार काड्या एवढं पुरतं. ॲल्युमिनियमच्या नळीतून घरी करता येतो. या लहरी सरळ रेषेत जातात, म्हणून उंची हेच भांडवल. दोन्हीकडे दहा मीटर उंची असेल तर सपाट माळरानावर साधारण 25 किलोमीटर जमतं. दुसरी गोष्ट केबलची. साधी बारीक केबल तीस मीटर टाकली तर या पट्ट्यात पाऊण शक्ती केबलमध्येच जिरते. म्हणजे पगार व्हायचा आणि घरी पोचेपर्यंत पावलीच उरायची! म्हणून केबल जाड आणि शक्य तितकी आखूड घ्यावी.

गाडीचा अँटेना बचत खात्यासारखा, फिरता. हातातला संच गाडीत बसून वापरला तर पत्रा लहरी अडवतो आणि त्याचा रबरी अँटेना आधीच अशक्त. त्यापेक्षा लोहचुंबकाच्या बुडाची अर्ध्या मीटरची काडी टपाच्या मधोमध ठेवा. टपाचा पत्रा तिला जमिनीसारखा उपयोगी पडतो. बाजारात सव्वा मीटरची काडीही मिळते. ती क्षितिजाकडे जास्त जोर लावते, म्हणून नांदेड-लातूरच्या सपाट रस्त्याला चांगली. आपल्याकडच्या घाटवळणांत मात्र लहान काडी बरी, कारण ती थोडं वरही फेकते. आणि बोलायचं ते शेजारी बसलेल्यानं, गाडी चालवणाऱ्यानं नव्हे.

तिसरा अडचणीच्या दिवसाचा. ही घरातली रोकड, लागेल तेव्हा हाताशी हवी. माहूर डोंगरांच्या कुशीत. रेणुकामातेचा गड, दत्तशिखर, अनसूया शिखर ही आपली श्रद्धास्थानं, पण सरळ जाणाऱ्या लहरींना डोंगर म्हणजे भिंत. मग डोंगरापलीकडे बोलायचं कसं? आडून नाही, वरून! सात मेगाहर्ट्झच्या लहरी सरळ आकाशात सोडल्या तर दिवसा आयनांबरावरून परत येतात आणि तीनचारशे किलोमीटरच्या परिघात पाऊस पडावा तशा उतरतात. इथून किल्लारी सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे हिशेबात बसते.

त्यासाठी लागते साधी तांब्याची तार. हिशेब सोपा : 143 ला मेगाहर्ट्झनं भागा, मीटरमध्ये लांबी येते. 7.1 साठी सुमारे वीस मीटर. मधोमध तोडून दहा-दहा मीटरचे दोन भाग करायचे, मध्ये केबल जोडायची, टोकांना नायलॉनची दोरी बांधायची. इथं उंचीचा हट्ट नको. दोन कडुनिंबांच्या मध्ये तीन ते पाच मीटरवर बांधली तरी काम होतं, उलट जवळच्या अंतराला तीच बरी. रात्री हा पट्टा लांब पळतो, तेव्हा साडेतीन मेगाहर्ट्झ वापरतात आणि तार दुप्पट लागते. दोन्ही तारा गुंडाळून पिशवीत मावतात. संचाला गाडीची बारा व्होल्टची बॅटरी चालते. पहिल्यांदा बांधली की एसडब्ल्यूआर मीटर लावून पाहावं. शक्ती परत येत असेल तर तार थोडी कमीजास्त करावी. लांबी ठरली की खूण करून ठेवावी, ऐन वेळी मोजत बसायला नको.

आता शंका. एक, वीज पडेल का? गच्चीवरच्या कुठल्याही लोखंडी नळीला असतो तेवढा धोका आहेच. म्हणून नळीला जाड तांब्याच्या पट्टीनं वेगळं अर्थिंग हवं, आणि गडगडाट ऐकू आला की केबल काढून घराबाहेर ठेवायची. दोन, विजेच्या तारा. नळी पडली तरी तारेला लागणार नाही इतकं अंतर हवंच. यात तडजोड नाही. तीन, किरणोत्सर्ग. बटण दाबेपर्यंत अँटेना गप्प असतो. बोलताना मात्र त्याला हात लागू नये, लागला तर चटका बसतो. म्हणून मुलांच्या हाताबाहेरच्या उंचीवर लावावा.

माझ्या तीन विनंत्या आहेत. पाण्याच्या टाकीजवळ एक नळी आणि अर्थिंग यांना सभेनं मंजुरी द्यावी. तारेची पिशवी सोसायटीच्या कार्यालयात राहावी, माझ्या घरात नको. माझ्या वयाचा भरवसा किती धरायचा? आणि दहावी-बारावीनंतरच्या दोन-तीन मुला-मुलींनी परवान्याची परीक्षा द्यावी. अभ्यास मी घेईन, फी नाही. दरवर्षी मृगाच्या आधी एकदा सगळ्यांनी मिळून तार बांधून पाहू, बॅटरी तपासू, नांदेडकडे हाक मारून पाहू.

नळी उभी राहिली आणि चालवणारं कुणी नसलं, तर तिच्यावर कपडेच वाळतील. म्हणून मंजुरीपेक्षा मला ती दोन-तीन नावं जास्त हवी आहेत. आज चहा घेताना मला येऊन सांगा.