रायफल पाठीवर, बाईक अंबडमध्ये

प्रश्न आलाय, ‘रायफल बसेल अशी शिकारीची बॅग कुठली घेऊ?’ आधी एक क्लिअर करूया. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे. माझी एअर रायफल आहे, दहा मीटरवरच्या टार्गेटसाठी. २०२४ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हा मला हा नाद लागला.

पहिली बॅग स्वस्तातली घेतली. पातळ कापड, एकच पट्टा. गरवारे पॉइंटजवळ बाईक खड्ड्यात आदळली आणि मागची साइट हलली. मला कळलंच नाही! महिनाभर शॉट डावीकडे जायचे आणि मी स्वतःच्या श्वासाला दोष द्यायचो. खेळ सोडायचाच विचार होता.

म्हणून तीन गोष्टी बघा. एक, स्पर्धेतल्या एअर रायफलला साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं. त्यामुळे दोन रुंद पट्टे आणि कमरेला बेल्ट हवाच. दोन, साइटच्या जागी जाड फोम, आत कडक शीट. तीन, लांबी. रायफल मीटरभराहून लांब असते. बॅगेचं खालचं टोक सीटला टेकलं की वरचं हेल्मेटला लागतं, मान वळत नाही. दुकानात रायफल घालून, बाईकवर बसूनच बघा.

छर्रे वेगळ्या कप्प्यात, नळीत सेफ्टी फ्लॅग, बिल आणि क्लबचं कार्ड वरच्या खिशात. नाकाबंदीत विचारलं तर शांतपणे दाखवायचं. रंग साधा काळा. आमच्या शेजारच्या काकूंना अजून वाटतं, मी गिटार शिकतोय.

चला, भेटू पुढच्या भागात!