यादीतलं नाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं मास्तरकी केली आणि २०१६ साली निवृत्त झालो. असा माणूस अमेरिकेच्या राजकारणावर काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल. पण आमचं गाव तमाशाचं. येमाईच्या देवळाइतकंच ते कलावंतांसाठी ओळखलं जातं. लोककवी बशीर मोमीन कवठेकर आमच्याच गावचे. वगातल्या राजाला सोंगाड्या भर फडात टोले हाणतो, हे बघत आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यामुळे राजा दिल्लीचा असो की वॉशिंग्टनचा, त्याच्यावर बोलायला आमच्या पारावर कुणाची परवानगी लागत नाही.

अमेरिका माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आली ती रेशनच्या पिशवीतून. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. रेशनवर मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना चिरा पडायच्या आणि घास घशाखाली उतरायचा नाही. ही ज्वारी अमेरिकेतून आली, असं मोठी माणसं सांगायची. गंमत अशी, की आदल्याच वर्षी, १९७१ च्या डिसेंबरात, निक्सनसाहेबांनी आपल्याला धाक घालायला सातवं आरमार बंगालच्या उपसागरात धाडलं होतं. पारावर त्यांना शेलक्या शिव्या घालून झाल्या होत्या. वर्ष उलटतं न उलटतं तोच त्यांच्याच देशाची भाकरी ताटात आली. आजी म्हणायची, "शिव्या पण त्यालाच आन् पोट पण त्याच्याच जिवावर." परराष्ट्र धोरणाचा तो माझा पहिला धडा. बांधावर माजलेलं गाजर गवतसुद्धा अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं, असं लोक म्हणत. पण त्याला नाव मात्र पडलं काँग्रेस गवत!

पुढं मास्तर झालो आणि मास्तराच्या नशिबी असतं ते निवडणुकीचं काम आलं. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, किती निवडणुका केल्या त्याचा हिशेब नाही. आधी मतपत्रिका, शिक्के आणि लाखेचं सील, नंतर यंत्रं. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचं, एसटीनं कुठल्यातरी वाडीवर जायचं, शाळेच्या फरशीवर सतरंजी टाकून पडायचं आणि पहाटे उठून मतदान प्रतिनिधींच्या समोर यंत्र तपासून दाखवायचं. निवृत्तीच्या आधीची काही वर्षं मी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे तुमच्या भाषेत बीएलओ होतो. घरोघर जायचं, यादी तपासायची, नवीन नावं घ्यायची, मयत आणि स्थलांतरितांची वगळायची. माझी शाळा तेव्हा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका गावात होती. यादीही त्याच गावची.

आमची मुलगी पुण्यात इंजिनिअर झाली. २००४ ची विधानसभा ही तिची इथली शेवटची निवडणूक. २००५ साली ती लग्न होऊन अमेरिकेत न्यू जर्सीला गेली. आधी व्हिसा, मग ग्रीन कार्ड, असं करत करत २०२१ मध्ये तिनं नागरिकत्वाची शपथ घेतली. फोनवर म्हणाली, "आण्णा, झाली शपथ. आता माझं तिकडचं नाव यादीतून काढून टाका."

बोलणं एवढंच. पण माझ्या घशात काहीतरी अडकलं. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं, की भारताचं आपोआप संपतं. ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर येता-जाता येतं, राहता येतं. मत मात्र देता येत नाही. नाव वगळायला नमुना सात भरावा लागतो. तो मी शेकड्यांनी भरून घेतला होता. मुलीचा मात्र माझ्याच्यानं भरवेना. घरचेही म्हणाले, "राहू द्या की. यादीत नाव हाय म्हंजी पोर घरातच हाय." राहू दिलं. मे २०२४ मध्ये शिरूर लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा मतदार चिठ्ठ्या आल्या, त्यात तिचीही आली. मी ती घडी घालून खिशात ठेवली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात आम्ही दोघं तिच्याकडं गेलो. तिकडं अध्यक्षाची निवडणूक तोंडावर आली होती. मला वाटलं, आता मोठमोठे फ्लेक्स आणि भोंगे बघायला मिळतील. कसलं काय! घरासमोरच्या हिरवळीवर वीतभर-हातभर पाट्या रोवलेल्या. मुलीच्या शेजारच्या दोन घरांत एकाची पाटी ट्रम्प यांची, दुसऱ्याची कमला हॅरिस यांची. पण गवत कापायचं यंत्र दोघांत एकच. आज याच्याकडं, उद्या त्याच्याकडं.

मतदानाच्या आधी टपालानं नमुना मतपत्रिका घरी आली. मुलगी ती जेवणाच्या टेबलावर पसरून परीक्षेच्या अभ्यासाला बसावं तशी बसली. सर्वांत वर राष्ट्राध्यक्ष. मग सिनेटर, मग काँग्रेसचा प्रतिनिधी, मग जिल्ह्याचे लोक आणि सर्वांत शेवटी गावच्या शाळा मंडळाचे सदस्य. तिचा अर्धा वेळ त्या शेवटच्या ओळीवर गेला. मी म्हटलं, "अगं, वरचा कोण ते ठरव आधी." ती म्हणाली, "आण्णा, वरचा टीव्हीवर दिसतो. माझ्या पोरीच्या शाळेचा पैसा कुठं जाणार, ते हे खालचे ठरवतात." मास्तर मी, आणि शाळेचं मला तिनं सांगितलं.

शाळा मंडळाच्या एका सभेलाही तिनं मला नेलं. कुणीही उठावं, माईकपाशी जावं, आपलं नाव आणि पत्ता सांगावा आणि ठरलेल्या मिनिटांत बोलून खाली बसावं. मुलगी शाळेच्या बसच्या वेळेवर बोलली. तिचं इंग्रजी चांगलं आहे, पण कवठ्याचा हेल काही गेलेला नाही. मंडळाच्या लोकांनी मान हलवत ऐकून घेतलं, लिहून घेतलं. तू मूळची कुठली, असं कुणी विचारलं नाही.

तिकडचं सगळं गोड आहे, असं सांगायला मी आलेलो नाही. नातीनं एका संध्याकाळी सहज सांगितलं, "आजोबा, आमच्या शाळेत ड्रिल असतं. बंदूकवाला आला तर दिवा बंद करून कोपऱ्यात गप्प बसायचं." मी आयुष्यभर शाळेत कवायत घेतली. पण ही कवायत ऐकून हातातला चहा तसाच राहिला. आपला एक निवडणूक आयोग देशभरचं मतदान घेतो. तिकडं पन्नास राज्यांचे पन्नास नियम. २०१६ साली हिलरीबाईंना अठ्ठावीस लाखांहून जास्त मतं अधिक पडूनही त्या हरल्या, तेव्हा पारावरच्या मंडळींना हे कसं ते समजावता समजावता माझी दमछाक झाली होती. शेवटी सांगितलं, "सरपंच सदस्यांतून निवडतात ना, तसंच. गावात मतं कुणाला जास्त, हे नाही बघायचं. सदस्य कुणाचे जास्त ते बघायचं. तिथं असे ५३८ आहेत आणि २७० लागतात." मग सगळ्यांना कळलं. आणि ६ जानेवारी २०२१ ला निकाल मान्य नाही म्हणून जमाव त्यांच्या संसदेत घुसला, तेही आपण सगळ्यांनी पाहिलं. जुनी लोकशाही म्हणून ती आपोआप टिकते, असं नाही.

५ नोव्हेंबरला मुलीबरोबर मतदान केंद्रावर गेलो. शाळेचाच व्यायामाचा हॉल. मी दारातच थांबलो. मतदार नसलेल्याला आत थारा नाही, हा नियम मला कुणी सांगायची गरज नव्हती. पस्तीस वर्षं मीच लोकांना बाहेर काढत आलो होतो. नात मात्र आईचं बोट धरून आत गेली. टेबलाशी बसलेल्या बाई माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठ्या असतील. त्यांनी यादीत नाव शोधलं आणि ते उच्चारायचा प्रयत्न केला. आडनावापाशी अडखळल्या. पुन्हा म्हणाल्या, पुन्हा अडखळल्या. मुलीनं एकदा नीट म्हणून दाखवलं. बाईंनी तिसऱ्यांदा म्हटलं आणि बरंचसं जमवलं. मग सही घेऊन जुन्या सहीशी ताडून बघितली. ना शाई, ना ओळखपत्र. मत देऊन दोघी बाहेर आल्या तेव्हा नातीच्या छातीवर गोल चिकटपट्टी होती. मुलगी कुणाला मत देऊन आली, ते मी विचारलं नाही. आमच्या घरात तशी रीत नाही.

श्रोतेहो, त्या दारात उभं असताना मला एक माणूस आठवला.

मी बीएलओ असतानाची गोष्ट. कारखान्यात काम करणारा एक बिहारकडचा माणूस नाव नोंदवायला माझ्याकडं आला. बायको आणि दोन मुलं घेऊन चार वर्षं त्याच गावात भाड्याच्या खोलीत राहत होता. थोरली मुलगी माझ्याच शाळेत पहिलीला होती. गावातल्या काही मंडळींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "गुरुजी, भाडेकऱ्यांची नावं घेत बसू नका. उद्या तेच सरपंच ठरवतील." कायदा मला पाठ होता. माणूस जिथं सर्वसाधारणपणे राहतो, तिथं त्याचं नाव लागतं. घर स्वतःचं आहे की भाड्याचं, हा प्रश्नच नाही. पण मी त्याला म्हणालो, "भाडेकरार आणा." तो गेला. मालकानं करार दिला नाही. तो पुन्हा आला, तेव्हा मी म्हणालो, "पुढच्या वेळी बघू." त्याचं आडनाव लिहिताना मी अडखळलो होतो आणि नीट विचारायचीही तसदी घेतली नव्हती.

आणि त्याच वर्षांत आमच्या कवठ्यात आमचा बीएलओ घरी येऊन विचारायचा, "गुरुजी, यादीतली सगळी घरात हायेत ना?" मी म्हणायचो, "हायेत." सातासमुद्रापलीकडे राहणारी माझी मुलगी यादीत होती. आणि शाळेच्या भिंतीपलीकडं राहणारा तो माणूस यादीत नव्हता. दोन्ही माझ्याच तोंडच्या शब्दानं.

मूळचे बेळगावकडचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आले, तेव्हा आपल्या गावोगाव केवढा आनंद झाला! ते १९७९ साली शिकायला गेले, १९८८ मध्ये तिकडचे नागरिक झाले आणि पुढं मिशिगनमधल्या लोकांनी त्यांना निवडून दिलं. आपला माणूस म्हणून आपण त्यांचा अभिमान मिरवला, आणि मिरवावाच. पण डेट्रॉइटच्या कुणा मास्तरानं, "हे बाहेरचे, यांचं पुढच्या वेळी बघू," असं म्हटलं असतं तर? आणि आता वारं तिकडंही फिरतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा आमच्या गल्लीत दोन घरांत रात्रभर दिवे चालू होते. बाहेरचा म्हणजे कोण, हा प्रश्न आपल्या लेकरावर आला की मगच कळतो.

तिकडं असतानाच २० नोव्हेंबरला आपली विधानसभा झाली. इतकी वर्षं लोकांकडून मतदान करून घेणाऱ्या माझं स्वतःचं मत त्या वर्षी हुकलं. जानेवारीत परत आलो आणि नमुना सात मागून घेतला. आता बीएलओ आहे तो माझाच विद्यार्थी. म्हणाला, "गुरुजी, राहू द्या की. कोण बघतंय?" मी म्हटलं, "मी बघतोय ना." कारण लिहिलं, सही केली. पेन खाली ठेवताना डोळे भरून आले, ते लपवलं नाही. तिचं जुनं मतदार ओळखपत्र घरच्यांनी कपाटात, तिच्या बालवाडीच्या फोटोशेजारी ठेवलंय. ते राहू दिलंय.

मग एक दिवस रांजणगावला गेलो. ती खोली पाडून तिथं दोन मजली इमारत झालीय. तो माणूस कुठं गेला, कुणाला सांगता येईना. त्याचं देणं फेडायचं राहून गेलं. आता महिन्यातून एखाद्या रविवारी मी त्या बाजूच्या भाड्याच्या खोल्यांतून फिरतो आणि ज्यांचं नाव लागलेलं नाही त्यांना नमुना सहा भरायला मदत करतो. कुणी उत्तर प्रदेशचं, कुणी नांदेडचं, कुणी यवतमाळचं. नाव लिहायच्या आधी त्यांच्याकडून एकदा नीट म्हणून घेतो.