बाठ्याचे झाड: ठेवावे की तोडावे?



या व्यासपीठावर बोलण्याचे आमंत्रण देताना चिटणिसांनी विषय आमच्यावरच सोपवला. त्यांची अपेक्षा बोनस किंवा कंत्राटी कामगार अशा एखाद्या विषयाची असणार. त्यावर आम्ही वर्षभर बोलतच असतो, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी ते ऐकलेलेही आहे. सध्या घरोघर आंबा आहे. रस काढून झाला की बाठे परसात जातात. मृगाच्या पावसाने त्यांतला एखादा रुजतो, तांबूस लुसलुशीत पाने डोलू लागतात, आणि घरात वाद सुरू होतो. ठेवायचे की उपटायचे? आज त्या वादाविषयी बोलावे म्हणतो. आमचे शालेय शिक्षण नववीत संपले. आंब्याचे शास्त्र आम्ही सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकांतून शिकलो. चुकलो तर सभेनंतर कान धरावा.

आधी एक भ्रम दूर केला पाहिजे. हापूसचा बाठा लावून हापूस मिळत नाही. हापूस, पायरी, केसर या आपल्याकडच्या जातींच्या कोयीत एकच अंकुर असतो आणि तो संकराचा असतो. आई हापूस हे आपल्याला ठाऊक. बाप कोण, हे मोहोरावर बसून गेलेल्या माशीलाच ठाऊक! काही जातींच्या एकाच कोयीतून दोन-तीन रोपे निघतात आणि त्यांतली बहुतेक आईसारखीच होतात. केरळात अशा जाती आहेत, फिलिपाइन्सचा काराबाओ त्यांतलाच. पण आपल्या परसातले रोप बहुधा त्या जातीचे नसते. ते नवीन झाड असते, आणि नव्वद-पंचाण्णव टक्के वेळा, हा आमचा आपला अंदाज, ते साधे रायवळ निघते.

मग सरसकट उपटून का टाकू नये? कारण आज आपण ज्याला हापूस म्हणतो तोही कधीकाळी बाठ्यातून उगवलेले एक रोप होता. रत्नागिरी-देवगडच्या बागांतली सगळी कलमे हा त्या रोपाचाच विस्तार. लखनौजवळ दशहरी नावाच्या गावात त्या जातीचे मूळ झाड दाखवतात. तेही कुणाच्या तरी वाटेत आलेच असेल. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांचा संकर करून रत्ना काढला, तो १९८१ साली बाहेर आला. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो, आणि त्याच्या पोटात साका होतो. रत्नात साका नाही. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली सिंधू आला, त्याची कोय अगदी पातळ. तिथल्या संशोधकांना आपण काय शोधतो हे आधी माहीत होते. परसात बाठा फेकणाऱ्याला ते माहीत नसते, आणि खरी अडचण तिथे आहे.

आता आमची गोष्ट. आमचे वडील मुंबईत गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी, दापोली तालुक्यात, परतले ते कायमचे. त्या पावसात गोठ्यामागे दोन बाठे रुजले. एक गोठ्याला लागून, दुसरा विहिरीच्या बाजूला. कुणी मुद्दाम लावले नव्हते. वडिलांनी दोन्हींभोवती काट्या रोवल्या, एवढेच. कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळ देऊ लागते. बाठ्याच्या झाडाला आठ-दहा वर्षेही लागतात. १९९१ साली दोन्ही झाडे प्रथम धरली. तोवर वडील गेले होते. गोठ्याकडच्याला नऊ आंबे लागले, विहिरीकडच्याला चौदा. सहा दिवस आढीत ठेवून आम्ही ते कापले. विहिरीकडचा आंबट होता, कोयीजवळ तर दात आंबले. पुढच्या वर्षी त्याला मोहोरही आला नाही. धाकट्या भावाला तिथे हापूसची दोन कलमे लावायची होती. आम्ही मुंबईहून गेलो, आम्हीच होकार दिला आणि झाड तोडले. आंबा तोडायला १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. ती रीतसर काढली होती. तो कागद अजून आमच्याजवळ आहे. कागदात काही चूक नाही.

शेजारच्या काकू त्या दिवशी माहेरी होत्या. परत आल्यावर त्यांनी रिकामी जागा पाहिली. म्हणाल्या, "अरे मेल्या, विचारलं असतंस तर!" आदल्या वर्षी वाऱ्याने पडलेले त्या झाडाचे तीन आंबे त्यांनी भाताच्या कणगीत ठेवले होते आणि विसरल्या होत्या. पंधरवड्यानंतर वासाने आठवण झाली. आंबटपणा पार गेला होता, साल सुरकुतली होती आणि आत एकही डाग नव्हता. म्हणजे तो उशिरा पिकणारा, टिकणारा आंबा होता, आणि आम्ही तो कच्चाच कापून चाखला होता. त्याची एक काडीसुद्धा कुणी कलमाला घेतली नव्हती. तो आंबा जगातून गेला.

आम्हाला याचे अधिक लागले त्याला एक कारण आहे. त्याच वर्षी आम्ही एका कारखान्याच्या फाटकावर उभे होतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवसांच्या सलग कामाची मोजणी होती, आणि ते दिवस भरू नयेत म्हणून तिथे माणसांना ब्रेक देत असत. माणसाला पुरती संधी न देता नालायक ठरवू नका, असे भाषण आम्ही सकाळी करत होतो. आणि गावी एका झाडाला एका हंगामावरून काढून टाकले होते.

गोठ्याकडच्या झाडासाठी मग आम्ही वही घातली. नियम असा, की धरलेले तीन हंगाम पाहिल्याशिवाय निकाल नाही. रुसलेले वर्ष हंगामात धरायचे नाही, पण वहीत मात्र लिहायचे, कारण दरवर्षी धरणे हाही गुणच आहे. मोहोर कधी आला, भुरी आणि तुडतुडे किती, पाड कधी लागला. शेवटची नोंद महत्त्वाची. जून उजाडल्यावर पिकणाऱ्या आंब्यात पाऊस आणि फळमाशी दोन्ही शिरतात. आंबा वाण्याच्या तराजूत तोलायचा, खाऊन झाल्यावर बाठा धुऊन तोलायचा, म्हणजे खाण्याजोगे किती हे कळते. चव दोनदा घ्यायची, सालीजवळ आणि कोयीजवळ. एकाच दिवशी सगळे कापायचे नाहीत. सहाव्या, दहाव्या, पंधराव्या दिवशी दोन-दोन. हा धडा काकूंचा. आणि मालकाने एकट्याने चाखायचे नाही. आपल्या झाडाचा आंबा गोड लागतोच, जसा आपल्या युनियनचा ठराव आपल्याला बरोबर वाटतो. आम्ही हापूस, शेजाऱ्यांचा शेंदऱ्या आणि आमचा, अशा फोडी बशांत घालून, नाव न सांगता घरातल्या बायकांपुढे ठेवत असू. फोडी सोललेल्या हव्यात, नाहीतर साल चुगली करते.

निकाल काय लागला? तीनही हंगामांत आमचा आंबा बशीत शेवटचा आला. दशी फार, बाठा मोठा, सुगंध बेताचा. भावाचा चेहरा खुलला. पण वहिनींनी कैऱ्या लोणच्याला नेल्या होत्या, आणि ती फोड दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत करकरीत राहिली. शिवाय झाड दरवर्षी धरत होते. फळ खायला कसे हे पाहण्यात तीन वर्षे घालवली. कैरी म्हणून त्याची परीक्षा घ्यावी हे आम्हाला सुचलेच नव्हते. झाड राहिले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात भावाची दोन्ही हापूस कलमे आडवी झाली, हे उभे राहिले. यावरून बाठ्याचे झाड चिवट असा सिद्धांत आम्ही काढणार नाही. त्याला गोठ्याचा आडोसा होता.

झाड नापास झाले तरी कुऱ्हाड हा एकच मार्ग नाही. बुंधा कापून, फुटलेल्या धुमाऱ्यांवर चांगल्या जातीच्या काड्या बांधता येतात. मूळ जुने राहते, डोके बदलते. तोडायचेच झाले, तर आधी त्याच्या चार काड्या दुसऱ्या खुंटावर बांधून ठेवाव्यात. खर्च म्हणाल तर एक दिवसाची मजुरी. विहिरीकडच्या झाडासाठी तेवढी आमच्याकडून खर्च झाली नाही.

शेवटी, बाहेर चिटणिसांच्या टेबलाजवळ दोन टोपल्या आहेत. आडव्या झालेल्या कलमांच्या जागी २०२० सालीच एक बाठा आपोआप रुजला होता. ते झाड यंदा प्रथम धरले, तसे जरा लवकरच. एका टोपलीत त्याचे सात आंबे आहेत, दुसरीत तेवढेच शेजारच्या रायवळाचे. कुठले कुठे ते आम्ही सांगणार नाही. फोडी सोलून ठेवल्या आहेत. चाखून पाटीवर खूण करावी. भाऊ म्हणतो, तिथे मोटारसायकलची शेड हवी. तुमचा आकडा आम्ही वहीत पहिल्या हंगामासमोर लिहू. त्याला अजून दोन हंगाम थांबावे लागेल.