मागणी, धाक आणि कायदा

कलकत्त्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या पूर्व तीरावर, गार्डन रीच वसले आहे. कापडगिरणी, जहाजबांधणीचा कारखाना, शेजारची गोदी यांच्या आश्रयाने तेथे कष्टकऱ्यांची वस्ती वाढली. १९६७ साली बंगालमधील अशाच औद्योगिक पट्ट्यातून एक शब्द देशभर पोहोचला : घेराव. अधिकाऱ्याभोवती कामगारांनी कडे करावे आणि मागणी मान्य होईपर्यंत त्याला हलू देऊ नये, असे त्याचे स्वरूप.

त्या वर्षी तेथील संयुक्त आघाडीच्या सरकारने मार्चमध्ये व जूनमध्ये परिपत्रके काढली. मजूरमंत्र्यांना विचारल्यावाचून पोलिसांनी घेरावात पडू नये, असा त्यांचा आशय होता. जय इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये ती अवैध ठरविली.

अशा रीतीने वेतनवाढ मिळविणे ही खंडणी होय काय? दंडसंहितेच्या ३८३ व्या कलमात खंडणीला नुसती इजेची भीती पुरत नव्हती. अप्रामाणिक हेतूने मालमत्ता काढून घेणेही आवश्यक होते. २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेनेही तेच सूत्र ठेवले आहे. घामाचे मोल मागणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक म्हणणे कठीण. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एन्मन्स खटला आला. संपात वीज कंपनीच्या रोहित्रांवर गोळ्या झाडल्याचा आरोप होता. रास्त वेतनासाठी झालेली हिंसा संघराज्याच्या खंडणीविरोधी कायद्यात बसत नाही, असा बहुमताचा निर्णय झाला. राज्यांच्या फौजदारी कायद्यांची वाट मात्र मोकळीच राहिली.

मर्म येथेच आहे. मागणी न्याय्य असेल तर खंडणीचा ठपका टळेल. माणसाला कोंडून ठेवल्याचा गुन्हा टळत नाही. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने संघटनांना कटाच्या आरोपापासून संरक्षण दिले, परंतु गुन्हा करण्याच्या संगनमताला दिले नाही.

शिवाय १८७२ च्या करार कायद्यानुसार बळजबरीने घेतलेली संमती रद्द करून घेता येते. रात्रभर कोंडून मिळविलेली सही अशी कच्ची ठरते. मालक सुटतो आणि कामगाराच्या हाती कोरा कागद राहतो.

श्रोतेहो, एवढे सांगून कायद्याने हात झटकणे मात्र उचित नव्हे. ज्याचे गाऱ्हाणे वर्षानुवर्षे निकालाविना पडून राहते, त्याला शांततेचा उपदेश पोकळ वाटणारच. कडे करू नका, असे सांगणाऱ्या राज्याने न्यायाचे दार वेळेवर उघडले पाहिजे.