टाकी भरली की वाजणारा बझर



मोटार लावायची आणि टाकीवर लक्ष ठेवायचं, हे काम बहुतेक आपल्याच वाट्याला येतं. तव्यावर भाकरी असते, तेवढ्यात पाणी ओसंडून अंगणात जातं. म्हणून आम्ही गटात टाकी भरताच वाजणारा बझर जोडायला शिकलो.

सामान थोडंच: 9 व्होल्टची बॅटरी, तिच्यावर चालणारा छोटा बझर, बीसी 547 ट्रान्झिस्टर, 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि वायर. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली. डावा पाय बझरच्या काळ्या वायरला, उजवा बॅटरीच्या वजा टोकाला. बझरची लाल वायर बॅटरीच्या अधिक टोकाला. तिथूनच रेझिस्टरमधून एक वायर टाकीत सोडायची, मधल्या पायाची दुसरी. दोन्हींची उघडी टोकं एकमेकांना न लावता काठाखाली चार बोटांवर ठेवायची. पाणी टेकलं की त्यातून किंचित वीज जाते, तेवढ्यावर ट्रान्झिस्टर बझर वाजवतो. मोटार बंद आपणच करायची.

हे घरच्या विजेला कधीही जोडू नका. टोकांवर क्षार बसतात, ते महिन्याला घासा.

"हे बायकांचं काम नाही," असं कुणी म्हणालं, तर राजस्थानातल्या तिलोनियाचं नाव सांगा. तिथल्या बेअरफूट कॉलेजात अक्षरओळख नसलेल्या आज्यासुद्धा रंग ओळखून सौरदिव्यांची सर्किटं जोडायला शिकल्या. मग आपल्याला चार वायरी जड आहेत का? पुढच्या बैठकीत एक बझर जोडूनच उठा.