वतन नावाची बेडी

(भोर इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी १९४९ साली आली. शहरातले शहाणे ती वाचतात आणि आणीबाणीवर बोलतात. बोलू द्या. १९७५ ते ७७ मध्ये पेपरांवर सेन्सॉर बसला, 'किस्सा कुर्सी का' या सिनेमाच्या प्रिंटा नष्ट केल्या, हे खरंच आहे. पण भोर-वेल्ह्याच्या पोरांनी ही कादंबरी आपल्या गावकीशेजारी ठेवून वाचावी.

त्यातला विन्स्टन स्मिथ सरकारी नोकर. काम काय, तर जुने पेपर बदलायचे. पार्टीचं कालचं बोलणं आज अडचणीचं झालं, की कालचा पेपर नव्यानं छापायचा आणि अस्सल कागद भिंतीतल्या भोकात टाकायचा. खाली भट्टी. जिथं माणसं पिळतात त्या खात्याचं नाव प्रेम मंत्रालय! आणि राजवटीची नवी भाषा अशी, की बंड करायला तिच्यात शब्दच सापडू नये.

आता आपला 'वतन' हा शब्द घ्या. कानाला कसा जहागिरीसारखा लागतो. आत काय होतं? रात्री-बेरात्री टपाल पोचवा, सारा भरायला लोकांना बोलावून आणा, मेलेलं ढोर ओढा. शिवेचा तंटा पडला की साक्ष महाराची, कारण शीव त्याच्या ध्यानात. लेखणी मात्र कुलकर्ण्याच्या हातात. आठवण आमची, दप्तर त्यांचं. इथं पंतसचिवांचं संस्थान होतं, पलीकडे इंग्रज होता; महाराच्या पाठीला त्यात काय फरक?

शेवटी विन्स्टनला छळणाऱ्या बिग ब्रदरवरच प्रेम जडतं. त्यासाठी पार्टीला उंदरांचा पिंजरा आणावा लागला. आपल्याकडे पिंजऱ्याची गरज पडली नाही. वतनाचा अभिमान बाळगणारे आपलेच होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं, तेव्हा सरकारशी भांडणं एक आणि आपल्याच माणसांना ही बेडी आहे हे पटवणं दुसरं. दुसरं काम जास्त अवघड, असं मला वाटतं.

१९५८ च्या कायद्यानं वतन गेलं. कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्याला जमीन नव्या शर्तीनं परत मिळायची, परवानगीशिवाय विकता येणार नाही अशी. मग कुठं भरणाच झाला नाही, कुठं अंगठा घेतला. २०२५ साली मुंढव्याच्या ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार गाजला तो पेपरात आला म्हणून. राजगड-तोरण्याच्या पायथ्याला फार्महाऊसची कुंपणं पडतायत, तिथला कुठला तुकडा कुणाचा होता?

तर असं करा. घरातल्या म्हातारीला त्या तुकड्याचं जुनं नाव विचारा, लिहून घ्या. तलाठ्याकडे जुना सातबारा आणि फेरफार मागा. कागद मोडीत निघाला तर वाचणारा गाठा. आणि हो, २०२४ साली मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याला राजगड नाव द्यायचं ठरवलं. नाव चांगलंच आहे. पण अर्जात कंसात 'वेल्हे' लिहा, जुनं दप्तर त्याच नावानं बांधलंय.